तीन बसगाड्यांची मालकीण

अजमानला आम्ही राहायचो त्या इमारतीत, आमच्या बरोबर खाली धनंजय आरोलकर आणि त्यांची बायको समिधा राहायचे. माणूस वेंगुर्ल्याकडचा. अठ्ठ्याऐंशी साली ड्रायव्हर म्हणून आखातात आला, बरीच वर्षं दुसऱ्यांच्या बस चालवल्या आणि मग जिद्दीनं स्वतःची ट्रान्सपोर्ट कंपनी काढली. कंपनी म्हणजे तीन जुन्या मिनीबस, दोन ड्रायव्हर, तिसरे ड्रायव्हर ते स्वतः, आणि सनायात, म्हणजे तिथल्या इंडस्ट्रियल एरियात, भाड्यानं घेतलेलं वाळूचं मोकळं यार्ड. सकाळी मजुरांना कॅम्पवरून बांधकामाच्या साइटवर सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं, एवढाच धंदा. पण धनंजयभाऊंच्या तोंडून ऐकलं तर वाटावं, निम्मं अजमान यांच्याच गाड्यांतून फिरतंय. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला कधीही न उमटणारं पेन आणि पाकिटात सोनेरी अक्षरांची व्हिजिटिंग कार्डं: ‘धनंजय आरोलकर, प्रोप्रायटर’.

आता, कायद्यानं ते प्रोप्रायटर नव्हते. त्या काळी आपल्यासारख्या परदेशी माणसाला तिथं एकट्याच्या नावावर असा धंदा करता यायचा नाही. लायसन्सवर निम्म्याहून जास्त मालकी तिथल्या नागरिकाची लागायची. त्याला सगळे अरबाब म्हणायचे. बहुतेकांचे अरबाब वर्षातून एकदा सही करायचे, त्याचे ठरलेले पैसे घ्यायचे आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरून जायचे. धनंजयभाऊंचा अरबाब म्हणजे एक बाई होती. रुकय्या तिचं नाव. साठीच्या पुढची विधवा, अजमानच्या जुन्या वस्तीत स्वतःच्या घरात राहणारी. तिच्या वडिलांचं गलबत खजूर घेऊन मुंबईला जायचं, त्यामुळे लहानपणीची दोन-तीन वर्षं ती भेंडीबाजारात राहिली होती आणि हिंदी अगदी मुंबईची बोलायची. धनंजयभाऊ दर वर्षी मे महिन्यात हापूसची पेटी घेऊन जात, बाई आंब्याचा वास घेत, सही करत आणि म्हणत, “गाडी अच्छा चलता है? इन्शाल्ला. यल्ला, सलाम बोलो समिधा को.” या कंपनीची एकही बस तिनं कधी पाहिली नव्हती.

मी हमरियाच्या फ्री झोनमध्ये एका कंपनीत अकाउंट्सला होते. शेजारधर्म म्हणून धनंजयभाऊंचे हिशेब आणि इंग्रजी पत्रं बघायची. दोन हजार दोनच्या सुरुवातीला त्यांचं मोठं गिऱ्हाईक असलेली एक साइट संपली आणि दोन बस निम्मा वेळ यार्डात नुसत्या उभ्या राहायला लागल्या. त्याच दिवसांत मी पेपरात एक जाहिरात वाचली आणि त्यांना वर बोलावलं. मुलींच्या सरकारी शाळांचे काही बस-रूट छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवले होते. अटी अशा, की कंपनीकडे पाचाहून जास्त बस नकोत आणि मालक स्थानिक विधवा किंवा नव्यानं धंद्यात उतरलेला स्थानिक माणूस हवा. आधी सर्टिफिकेट मिळवायचं, मग कंत्राट.

“वहिनी,” धनंजयभाऊ सोफ्यावरून उठलेच, “ही जाहिरात माझ्याकडं बघून लिवलेली आसा!”

“पुढचं ऐका. मालक कंपनी स्वतः चालवतो, अशी कमिटीची खात्री पटली पाहिजे. नुसतं नाव दिलेल्यांचे अर्ज बाद. मुलाखत होणार. मालकाची.”

धनंजयभाऊ पुन्हा बसले. “चालवतो म्हणजे... कंपनी ना? की बस?”

“कंपनी हो.”

“मग काय उपयोग? रुकय्याबाईक आपल्या बसचो रंगसुद्धा ठावक नाय.”

समिधा तेवढ्यात चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “ठाऊक नाय तर शिकवू. तुमका पण खंय सगळा ठाऊक होता?”

आम्ही तिघं शुक्रवारी दुपारी रुकय्याबाईंकडे गेलो. बाई जमिनीवरच्या गादीवर रेलून टीव्हीवर मालिका बघत होत्या. धनंजयभाऊंनी सगळं समजावलं. बाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला, बंद नाही केला.

“कमिटी हमको पूछेगा?”

“हां मॅडम. आप मालिक हो ना.”

“तो पूछने दो. कितना गाडी है अपना?”

“तीन.”

“बस, तीन?” बाईंचा चेहरा पडला. “हम सबको बोलता है दस.”

तिथून शिकवणी सुरू झाली. दर शुक्रवारी मी आणि समिधा जायचो. मी कागदपत्रांचा भाग घेतला: लायसन्स, विमा, मुल्किया म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड. समिधा गाड्यांचा भाग. पहिले दोन शुक्रवार हसून हसून मुरकुंडी वळायची पाळी आली. मी कमिटी व्हायची आणि विचारायची, “मॅडम, आपकी बस में क्या डलता है, पेट्रोल या डिझेल?”

“जो अच्छा है वो डालो. कंजूसी नहीं करने का.”

“डिझेल, मॅडम.”

“पेट्रोल महंगा है तो अच्छा होगा ना? खलास, पेट्रोल लिखो.”

समिधानं मग वेगळीच युक्ती काढली. इंजिन ऑइल म्हणजे कढईतलं तेल, एकच तेल किती वेळा तळणाला वापरायचं, काळं झालं की टाकायचं. ब्रेक म्हणजे शेगडी बंद करायची चावी, ती सैल झालेली चालेल का? बाईंना हे लगेच पटलं. इतकं पटलं की त्यांनी नोकराणीला हाक मारून स्वयंपाकघरातलं तळणाचं तेल ओतून टाकायला लावलं. आणि तिसऱ्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, “बहुत हुआ बात. हमको गाडी देखने का.”

आम्हाला घरी न्यायला आलेले धनंजयभाऊ घाईनं पुढं झाले. “मॅडम, उधर बहुत धूल है. हम फोटो लाता है.”

“फोटो से शादी होता है, धंदा नहीं होता. कल आता है हम.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अर्धी रजा टाकली. धनंजयभाऊ सकाळपासून यार्डात पाणी मारत होते. दोन बस धुऊन झाल्या होत्या. तिसरी बाकी होती, कारण तिच्यात त्यांचा ड्रायव्हर बदरुद्दीन झोपला होता. बदरुद्दीन रत्नागिरीचा. माणूस सज्जन, गाडी झकास चालवायचा, मासळीचं कालवण त्याहून झकास करायचा, पण सकाळची फेरी आटपली की मागच्या सीटवर लुंगी लावून आडवा व्हायचा आणि बाराच्या आत उठायचा नाही. धनंजयभाऊ त्याला उठवायला निघाले तोच बाईंची भलीमोठी गाडी दारात आली. मागं नोकराणी, पुढं बाई, हातात काठी. धनंजयभाऊ स्वागताचं बोलत राहिले आणि बाई त्यांना ओलांडून सरळ तिसऱ्या बसकडे गेल्या. काचेवर काठी ठोकली.

बदरुद्दीननं एक डोळा उघडला. काळा बुरखा बघून त्याला वाटलं, बाई वाट चुकलीय. काच सरकवून तो प्रेमानं म्हणाला, “अम्मा, ये लेबर का बस है. टॅक्सी उधर रोड पे मिलेगा.”

“टॅक्सी नहीं मंगता. ये बस किसका है?”

“धनंजय सेठ का.”

“किसका?”

“सेठ का, अम्मा. वो खडा है ना, सफेद शर्टवाला. बडा आदमी है.”

बाई सावकाश वळल्या. मी धनंजयभाऊंना एवढं बारीक झालेलं कधी पाहिलं नव्हतं. एरवी छाती काढून चालणारा माणूस, शर्टाच्या खिशातलं पेन दोन्ही हातांनी धरून उभा.

“सेठ?” रुकय्याबाई म्हणाल्या.

“मॅडम, वो ऐसे ही बोलता है... प्यार से...”

बाई पहिल्या बसमध्ये चढल्या. त्यांनी तिन्ही बस आतून पाहिल्या. फाटके पडदे बोटांत धरून पाहिले, सीटचा फोम बाहेर आला होता तिथं काठी खुपसली, एसीसमोर हात धरला आणि तसाच बराच वेळ ठेवला, कारण वारा येत नव्हता. शेवटी गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, “इसमें हमारा पोती बैठेगा?”

त्यांची नात मुलींच्या सरकारी शाळेतच जायची, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून धनंजयभाऊंच्या आयुष्याची घडी विस्कटली. बाई रोज सकाळी यार्डात यायला लागल्या. नोकराणी खुर्ची मांडायची, थर्मासमधून गावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतायची आणि बाई बसून बघायच्या. आधी पडदे बदलले. मग त्यांनी ओळखीच्या एका मेकॅनिकला घरी बोलावून एसीचं काम घासाघीस करून इतक्या स्वस्तात ठरवलं की धनंजयभाऊ दिरहमचे रुपये करून करून दोन दिवस हळहळत होते. त्यांनी स्वतः त्याच कामाला आदल्या वर्षी दुप्पट मोजले होते आणि तरीही एसी चालत नव्हता.

मग आला धुपाचा प्रकार. बाईंचं म्हणणं, गाडीत वास चांगला हवा. त्यांनी घरून निखाऱ्यांची धुपाटणी आणली, ऊदाचा बखूर टाकला आणि तिन्ही बस दारं-खिडक्या लावून धुरवल्या. ऊद तिथला उंची प्रकार, लग्नाकार्यात वापरायचा. दुसऱ्या सकाळी सगळे मजूर सुगंधाचे लोट घेऊन साइटवर उतरले. तिथल्या फोरमननं आमच्या दुसऱ्या ड्रायव्हरला, सुरेशला, बाजूला घेऊन विचारलं, “काय रे, ही माणसं रात्रभर कुठल्या लग्नात होती?” सुरेश केरळचा, कधी न हसणारा माणूस. त्यानं शांतपणे सांगितलं, “न्यू ओनर.” बातमी तिथून जी पसरली ती पसरलीच. आठवड्याभरात शेजारच्या कॅम्पचा सुपरवायझर चौकशीला आला. त्याच्या मजुरांनी म्हणे सांगितलं होतं, आम्हाला वासवाली बस पाहिजे.

बदरुद्दीनला बाईंनी कामावरून काढलं. दुपारी त्यानं यार्डातल्या स्टोव्हवर सुरमईचं कालवण केलं होतं, ते निरोपाचं म्हणून बाईंपुढे ठेवलं. बाईंनी ते खाल्लं आणि संध्याकाळी त्याला पुन्हा कामावर घेतलं. अट एकच: बसमध्ये लुंगी नाही.

रात्री जेवणानंतर धनंजयभाऊ आमच्याकडे येऊन बसले. माझ्या नवऱ्यानं, विजयकुमारनं, सहज विचारलं, “काय म्हणते कंपनी?”

“खंयची कंपनी? कोणाची कंपनी?” ते उसळले. “परीक्षेला बसवलेली बाई माझी हेडमास्तरीण झाली! काल मला विचारते, ‘दनंजी, तुम इधर क्या काम करता है?’ मला!”

“मग काय सांगितलंत?”

“काय सांगणार? टायर उचलून दाखवला.”

हसलो आम्ही, पण मला वाईटही वाटलं. वेंगुर्ल्याला त्यांच्या आईनं गावभर सांगितलं होतं, माझ्या मुलाची बसकंपनी आहे. सुट्टीला गेले की लोक त्यांना सभेत पुढच्या खुर्चीवर बसवायचे. आणि खरोखरच, त्या तीन बससाठी या माणसानं हाडाची काडं केली होती. समिधाचे दागिने पहिल्या बसमध्ये गेले होते. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण भाऊंनी त्या बसच्या नंबरप्लेटवर हात फिरवल्याशिवाय कधी दिवस सुरू केला नाही.

मुलाखतीचा दिवस आला. त्या सरकारी ऑफिसात हिशेबनीस म्हणून मलाही बाईंबरोबर आत घेतलं. धनंजयभाऊंना बाहेरच्या बाकावर बसवलं. त्यांच्या पाकिटातली सगळी सोनेरी कार्डं समिधानं सकाळीच काढून घेतली होती. आत तिघं जण होते. प्रमुख होते युसुफ नावाचे इजिप्शियन इंजिनीअर, जाड चष्मा, आवाज मऊ. प्रश्न अरबीत होते. मला कळावं म्हणून बाई प्रत्येक प्रश्नाचं आणि आपल्या उत्तराचं मोठ्यानं हिंदी भाषांतर करायला लागल्या, आणि ते थांबवायची कुणाची छाती झाली नाही.

“ये पूछता है, ड्रायव्हर को कौन रखता है, कौन निकालता है. हमने बोला, हम. एक को निकाला, फिर रखा, मच्छी अच्छा बनाता है.”

कारकून लिहिता लिहिता थांबला. युसुफसाहेबांनी चष्मा पुसला. पुढचा प्रश्न.

“ये पूछता है, ऑइल कब बदलते हो. हमने बोला, काला होने के पहले. फिर हमने इसको पूछा, तुम्हारे घर में तलने का तेल कब बदलता है? इसको मालूम नहीं.”

त्यानंतर मुलाखत कोण कुणाची घेतंय हे कळेना. बाईंनी त्यांना सुनावलं, की त्यांच्या नातीची सध्याची बस रोज उशिरा येते, मुली उन्हात उभ्या असतात, एसी बंद असतो, आणि बसमध्ये मुलींना सांभाळायला एकही बाई नसते. “हमारे बस में बाई रहेगा,” असं त्यांनी तिथंच जाहीर करून टाकलं. ही गोष्ट आमच्या शिकवणीत नव्हतीच.

कमिटीची खात्री पटली. इतकी पटली की भलताच पेच उभा राहिला. युसुफसाहेब म्हणाले, सगळं तर मॅडम बघतात, मग अर्जात हा जो दुसरा भागीदार आहे, तो करतो काय? बोलवा त्याला.

धनंजयभाऊ आत आले. घाम आलेला, हात पँटला पुसत. आदल्या रात्री समिधानं त्यांच्याकडून शंभरदा घोकून घेतलं होतं: मालक मॅडम, मी मॅनेजर. मालक मॅडम, मी मॅनेजर. युसुफसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी पुढं केलं आणि इंग्रजीत साधाच प्रश्न विचारला, “कंपनीचा मालक कोण?”

“मी, सर,” धनंजयभाऊ म्हणाले.

भाऊंच्याही लक्षात आलं, पण शब्द तोंडातून गेले ते गेले. कारकुनानं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं सगळं. आता यांचे शाळेचे रूट गेले, आणि खोटी माहिती दिली म्हणून कदाचित लायसन्सही.

रुकय्याबाई हसायला लागल्या. खुर्चीचे हात धरून, बुरखा डोळ्यांवर ओढून हसल्या. मग युसुफसाहेबांकडे वळून अरबीत काहीतरी म्हणाल्या, आणि सवयीनं माझ्याकडे वळून हिंदीत सांगितलं:

“हमने बोला, हमारा बेटा भी सबको बोलता है, ये मेरा घर है. घर तो हमारे नाम पे है. तो क्या हम उसको झूठा बोलेगा? घर में जो रोज झाडू मारता है, वो मेरा घर ही बोलेगा. नहीं बोलेगा तो झाडू कैसे मारेगा?”

युसुफसाहेब बाईंकडून धनंजयभाऊंकडे वळले. मग त्यांनी विचारलं, “मिस्टर, मॅडम उद्या आजारी पडल्या तर कंपनी कोण चालवेल?”

आता भाऊ सावध झाले होते. “मॅडमच, सर,” ते म्हणाले. “बिछान्यातून.”

युसुफसाहेब पहिल्यांदा हसले. पुढच्या आठवड्यात ते यार्ड बघायला आले, गाड्यांखाली स्वतः वाकून पाहिलं, एका बसचा मागचा आपत्कालीन दरवाजा अडकतो म्हणून तो दुरुस्त करायला लावला आणि पुन्हा एकदा तपासायला आले. महिनाभरानं सर्टिफिकेट आलं आणि सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या तेव्हा दोन रूट मिळाले.

बसमध्ये बाई ठेवायची तर कोण, हा प्रश्न बाईंनी केव्हाच सोडवला होता. समिधा. तिचे नवऱ्याच्या व्हिसावरचे कागद नोकरीचे करून घेण्यात दोन आठवडे गेले. पहिल्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं, समिधा नवी साडी नेसून, डोक्याला रुमाल बांधून बसच्या दारात उभी होती आणि धनंजयभाऊ स्टिअरिंगवर. त्या दिवसापासून नवरा-बायकोत एक नवंच भांडण सुरू झालं. बसमध्ये मुलींच्या बाबतीत शेवटचा शब्द बाईमाणसाचा, असा रुकय्याबाईंचा हुकूम. त्यामुळे समिधानं दार बंद केल्याशिवाय आणि “यल्ला” म्हटल्याशिवाय भाऊंना गाडी हलवता यायची नाही. ती मुलींकडून अरबी शिकली आणि मुली तिच्याकडून मालवणी. रुकय्याबाईंची नात एकदा रुसली तेव्हा घरी जाऊन आजीला म्हणाली, “माका नको.” आजी दुसऱ्या दिवशी यार्डात अर्थ विचारत आली.

सोनेरी कार्डं भाऊंनी पुन्हा छापली, ‘मॅनेजर’ म्हणून. गावी सांगताना मात्र अजूनही ‘आपली कंपनी’ म्हणायचे, आणि फोनवर बोलताना रुकय्याबाई शेजारी असल्या तरी आवाज खाली करायचे नाहीत.

दोन हजार पाचला आम्ही पुण्याला परत आलो. निघायच्या थोडे दिवस आधी मी हिशेब भाऊंच्या ताब्यात द्यायला यार्डात गेले होते. तोवर पाच बस झाल्या होत्या आणि रुकय्याबाई पहाटे पाचच्या ठोक्याला यार्डात हजर असायच्या. सहावी घेतली की छोटी कंपनी राहत नाही, म्हणून बाई घेऊ देत नव्हत्या आणि त्यावरून दोघांत आठवड्यातून एकदा कडाक्याचं वाजायचं. त्या दिवशी शारजाचा एक बसवाला, नेपाळी कामगारांच्या फेऱ्या करणारा, भाऊंसमोर खुर्चीत डोकं धरून बसला होता. त्याच्यासारख्या तीन-चार जणांनी आपापल्या अरबाबांना मुलाखतीच्या तयारीसाठी रुकय्याबाईंकडे पाठवलं होतं. बाई गावा पाजत, शिकवत आणि पाठ झालं नाही तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोलवत.

“भाईसाब,” तो भाऊंना म्हणाला, “मेरा अरबाब पास हो गया. लेकिन अब रोज सुबह छह बजे यार्ड में आता है.”

धनंजयभाऊंनी त्याच्यापुढे चहा सरकवला.

“छह बजे?” ते म्हणाले. “नसीबवाला है तू.”